अंगठ्यावरची फक्की

जेवणाच्या सुट्टीत मैदानावरच्या सामानाच्या खोलीत मी चपला काढून उंच उडीच्या गादीवर आडवी होते. चार वाजता जिल्ह्याच्या स्पर्धेची बक्षिसं वाटायची आहेत आणि प्रमुख पाहुणी मीच. पण पोटात डबा पडला की पाहुणीलाही डुलकी लागते. पत्र्यावर चिमण्या नाचतायत. डोळे मिटतात न मिटतात तोच कुणीतरी म्हणतं, "सरक की गं जरा, इंदे."

रत्ना घोलप. गेल्या पौषात गेली ती. मला इंदे म्हणणारं तेवढंच एक माणूस उरलं होतं. दोन वेण्या, लाल रिबिनी, जिल्ह्याच्या लांब उडीत आम्ही दोघी एकमेकींविरुद्ध उतरलो होतो तेव्हाची. मी मात्र सत्तावन्नची, गुडघ्याला पट्टा बांधलेली. हा कुठला न्याय, असं मी तिला विचारते. ती हसते आणि शेजारी टेकते.

बोलायला काहीतरी हवं म्हणून मी सकाळचं सांगते. तस्लीम नावाची नववीतली पोर लांब उडीत चार साठ उडाली. फलकावर माझा विक्रम आहे चार बासष्टचा, एक्केचाळीस वर्षं झाली. दोन सेंटिमीटरनं हुकला म्हणून ती पोर मुसमुसत बसली, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या त्या माझ्यासाठी.

"तुझी किती होती गं तेव्हा?" मी उगाच विचारते. मला पाठ आहे.

"चार अठ्ठावन्न. चल, उडू."

गादी उरत नाही. पायांखाली धावपट्टी आहे. ती शाळेच्या व्हरांड्यातून जाते, रत्नाच्या स्वयंपाकघरातून जाते, तिथं दूध उतू चाललंय, आणि थेट इस्पितळाच्या वॉर्डात शिरते. फरशीवर फक्कीची पांढरी रेघ, पलीकडं तिची खाट. या वॉर्डात मी कधी पाऊल टाकलं नव्हतं. तिचा निरोप दोनदा आला, दोन्ही वेळा मी गुडघ्याचं निमित्त सांगितलं.

तेव्हा आम्ही अनवाणी उडायचो. फळीपुढं फक्कीची रेघ मारलेली असायची, आणि उडी झाली की पंच आधी अंगठा बघायचे. पांढरा दिसला की फाउल. त्या दिवशी माझा पांढरा होता. पंच येईपर्यंत मी तो वाळूत दाबून घासला. कडेला उभी असलेली रत्ना पुढं आली, माझा हात हातात घेतला आणि झकास उडालीस म्हणाली.

"तू पाहिलं होतंस ना?" एवढं विचारायला मला एक्केचाळीस वर्षं लागलीत.

"पाहिलं की."

"मग बोलली का नाहीस?"

"वाटलं, तूच सांगशील. आज नाही तर पुढच्या वर्षी." ती खाटेवर बसून वेणी सोडते. "तू तर खेळणंच सोडलंस. कप नेलास त्याचं मेलं काय एवढं. मला तुझ्याबरोबर उडायचं होतं. पुढं दोनदा पहिली आले मी, पण चार अठ्ठावन्न पुन्हा गाठलं नाही. जीव तोडून उडावं असं समोर कुणी नव्हतंच गं."

मला रडू फुटतं. मी फटकळ बाई, आयुष्यभर पोरींना खोटेपणावरून झापत आले. ती म्हणते, रडून झालं असेल तर उडी मार, मी बघते.

मी धावते. गुडघा दुखत नाही. तिच्या चादरीची वाळू होते, गार आणि ओलसर. या वेळी मी पाय घासत नाही, तसाच उचलून तिच्यापुढं धरते.

"फाउल," मी म्हणते.

ती वाकून नीट बघते. "हां. आता परत ये, मी थांबलेय."

दारावर थाप पडते. बाई, चार वाजले, लोक जमलेत.

मी उठून बसते. उजव्या पायाचा अंगठा नखापर्यंत पांढरा आहे. फक्कीचं पोतं समोरच्या भिंतीला, तोंड सुतळीनं आवळलेलं. मी जाऊन गाठ चाचपते. मग चपला हातात घेऊन तशीच बाहेर पडते. मांडवाच्या कडेला तस्लीम बसलीय, डोळे अजून सुजलेले. माझे अनवाणी पाय बघून ती गडबडीनं उठते.

"हा अंगठा बघ," मी तिला म्हणते. "चल माझ्याबरोबर माइकपाशी. रत्ना घोलपचा विक्रम तू आज सकाळी मोडलायस."