साडूंचं रबरी बदक

तव्यावरच्या बदकाशी अदबीनं बोलणारा माणूस ठाणे जिल्ह्यात एकच झाला, आमचे साडू. मानपाड्याच्या कारखान्यात नोकरी आणि तिथेच कामाला असलेल्या उत्तनच्या एका ख्रिस्ती मित्राकडून घेतलेली ही दीक्षा. बदकाच्या छातीवरच्या कातडीला ते ‘साल’ म्हणत. “कातडी म्हटलं की आपल्याच पाठीवर कुणी मसाला चोळतंय असं वाटतं,” हा खुलासा. सालीवर सुरीनं चिरा पाडायच्या, मित्राच्या घरचा बाटलीतला मसाला चोळायचा आणि साल खाली करून गार तव्यावर ठेवायचं. मग मंद आचेवर चरबी सुटेपर्यंत साडू तव्याला कान लावून उभे. एकदा मिशीचं टोक जळलं. मेव्हणी ओरडली, तर म्हणाले, “अगं, हळू. आत्ता कुठे हे बोलायला लागलेत.”

साडूंचा प्रेमविवाह, तोही जातीबाहेरचा. आमचे सासरे, आप्पा, नौपाड्याहून डोंबिवलीला लेकीला भेटायला येत, पण त्या घरचं पाणीही पीत नसत. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी कधीतरी ते जेवायला यायला तयार झाले आणि साडूंनी बदक काढलं.

“पहिल्यांदा जेवतायत. साधं मटण करा ना,” मेव्हणी काकुळतीला आली.

“मटण कोणीही करतं. जावई कोण मिळालाय ते कळू दे त्यांना.”

त्या दिवशी साल अशी झाली की सुरी टेकवली तरी पापडासारखी वाजे. बदक ताटलीत काढून साडू मला घेऊन बाहेर पानं मांडायला आले. परत आत गेलो तर हात धुवायला आलेले आप्पा तिथे उभे आणि बदकावर उपडं ताट. वाफ कोंडून सालीचा भिजका पुठ्ठा झालेला.

“उघडंच ठेवलंत. माशी बसली असती,” आप्पा म्हणाले.

मी तोंड उघडणार तोच साडूंनी माझा दंड दाबला. वाढताना सगळ्यांना म्हणाले, “आच कमी पडली. माझंच चुकलं.” आप्पा मुकाट्यानं चावत राहिले, पण पान स्वच्छ केलं.

तेव्हापासून प्रत्येक लग्नामुंजीत ‘साडूंचं रबरी बदक’ निघतं आणि सगळ्यांबरोबर मीही हसत आलो. आता साडू नाहीत, ते हसणं मला टोचतं. म्हणून सांगतो, बदक उत्तम झालं होतं.

त्या दिवशी आप्पा घरी परतल्यावर मी विचारलं होतं, “बोलला का नाहीत?”

साडू ताटं पुसत होते. “अहो, परक्याच्या घरात कुणी भांडी झाकतं का?” म्हणाले, आणि कोरडं झालेलं ताट पुसतच राहिले.