कातळावरचे लाल झेंडे आणि सुनंदाची स्कूटर

शेअर बाजार माहितीवर चालतो, असं मोठमोठे अर्थतज्ज्ञ सांगतात. ते खरं आहे. दोन हजार सात साली त्यातली थोडी माहिती मी पुरवत होतो.

रत्नागिरीत आमच्या घरी नुकतंच इंटरनेट आलं होतं. शेअरवाल्यांच्या गप्पांच्या एका साइटवर मी ‘दर्यासारंग’ या नावाने लिहीत असे. एक छोटी जहाज कंपनी कोकणात जागा शोधतेय, अशी तेव्हा तिथे कुजबुज होती. (मला होडीत उलटी होते, पण ते तिथे कुणाला दिसत नाही.) एकदा जयगडला जाताना एसटीच्या खिडकीतून कातळावर चार माणसं दिसली. लाल झेंडे, लांबलचक टेप, तीन पायांच्या तिकाटण्यावर दुर्बीण! घरी येऊन मी लिहिलं, ‘जयगडजवळ जोरात मोजणी चालू आहे. ती छोटी जहाज कंपनी तर नव्हे?’

दुसऱ्या दिवशी कुणीतरी त्यातलं प्रश्नचिन्ह काढून टाकलं. तिसऱ्या दिवशी कंपनीने अर्धा डोंगर विकत घेतला. चौथ्या दिवशी तिला परदेशी भागीदार मिळाला. आणि पाचव्या दिवशी मस्कतहून माझ्या वर्गमित्राचा, रफिकचा फोन!

“अरे, तुझ्या दाराशी सोनं नि तू झोपलायस? आमच्या ऑफिसात सगळे घेतायत!”

“तुला कुणी सांगितलं?”

“नेटवर हाय ना! कोण तो दर्यासारंग, तिथलाच हाय म्हणे. त्याला आतलं सगळं ठाऊक असतं.”

शहाण्या माणसाने इथे फोन ठेवला असता. मला मात्र वाटलं, इतके लोक म्हणतात तर या दर्यासारंगला खरंच काहीतरी ठाऊक असणार!

घरात पैसे होते, पण ते सुनंदाच्या स्कूटरचे. माझी बायको शिक्षिका. शाळा घाटीच्या उभ्या चढणीच्या माथ्यावर, आणि तिचे गुडघे दुखणारे.

“खात्री आहे ना?” तिने विचारलं.

“तीन ठिकाणांहून तीच बातमी आलीय! साइटवर दर्यासारंगने लिहिलंय, मस्कतला आहे, आणि मी स्वतः पाहिलंय.”

“महिन्याभरात स्कूटर दारात हवी,” म्हणून ती चपला घालून घाटी चढायला गेली.

दोन दिवस शेअर चढला. मी स्कूटरचा रंगही ठरवला. तिसऱ्या दिवशी ताजी बातमी काढायला थेट कातळावर गेलो, तर मोजणीवाल्यांच्या शेजारी छत्री घेऊन माझा चुलतभाऊ बंड्या उभा!

“बरं झालं आलास. ये, सही कर.”

“बंड्या, कंपनीची माणसं कुठायत?”

“कसली कंपनी? मोजणी मी मागवलीय. आपल्या सामाईक जमिनीची. गेल्या वेळी काकांनी भांडून परत पाठवली, म्हणून पुन्हा लावली.”

“ही आपली जमीन?”

“मेल्या, स्वतःची जमीन ओळखत नाय तू? नोटीस आलेली ना तुला? वाचलीस नाय?”

आली होती. पण त्या दिवसांत मी फक्त इंटरनेटवरचं वाचत होतो.

अशा वेळी माणूस आधी शेअर विकतो आणि मग खरं बोलतो. मी आधी खरं बोललो! साइटवर लिहिलं, ‘ती मोजणी माझ्या चुलतभावाची आहे. कंपनीचा काही संबंध नाही.’ धडाधड उत्तरं आली. ‘स्वस्तात लाटायला बघतोय!’ ‘फुटला हा!’ एकाने तर विचारलं, ‘तू जयगड कधी पाहिलंयस तरी का?’

लोकांची ती श्रद्धा पाहून मीच डळमळलो. न जाणो, बंड्याच चुकत असेल! आणखी चार दिवस थांबलो. मग कंपनीनेच जाहीर केलं की जयगडला आमचं काही नाही. त्यानंतर शेअर इतका घसरला की आठवडाभर घ्यायला कुणी उभंच राहीना.

सुनंदा ओरडली नाही. तिने गुडघ्यांना तेल चोळलं आणि शांतपणे विचारलं, “त्या दर्यासारंगाला गाठता नाही का येणार?”

“तो तुझ्यासमोरच बसलाय,” मी म्हणालो. तिला इतकं हसू आलं की तेलाची वाटी कलंडली.

उरलेल्या पैशांत स्कूटर बसेना, म्हणून मी हेल्मेट आणलं. सुनंदा पुढची तीन वर्षं घाटी पायीच चढली. हेल्मेट मी नारळ पाडताना घालतो.