उभे राहा, खोका

माझ्या शल्यचिकित्सक मित्राने आयुष्यात एकाही माणसाचा चेहरा नीट पाहिला नसेल. तो पाहतो ती पोटे. कर्जतच्या बाजारात त्याला नमस्कार करावा, तर त्याची नजर हळूहळू खाली उतरते आणि तो विचारतो, "वजन उचलल्यावर एकाच बाजूला दुखतं का? उभे राहा पाहू नीट. खोका." एकदा हळदीच्या मांडवात त्याने नवरदेवाच्या बापाला बँडवाल्यांसमोर खोकायला लावले. खालापूरहून आलेले व्याही आपसांत कुजबुजले, "दमा हाय का काय रं यांना? आदी सांगायला नको व्हतं?" गावातली टवाळ मंडळी तर तो रस्त्यात दिसला की लांबूनच खोकत. त्याला ते कळत नसे. तो थांबून त्यांचीही पोटे न्याहाळी.

या हट्टामागचे शास्त्र सांगितले पाहिजे. पोटाची भिंत एकपदरी नसते; तिच्यात स्नायूंचे थर एकावर एक असतात. अंतर्गळ, म्हणजे हर्निया, बहुधा जांघेत किंवा बेंबीपाशी फुगून दिसतो आणि कोणालाही ओळखता येतो. एक दुर्मीळ प्रकार मात्र बेंबीच्या खाली, थोडा बाजूला, थरांच्या मध्येच शिरून बसतो. वरचा थर त्याला झाकतो. रोगी आडवा झाला की आतडे मागे सरकते आणि तपासणाऱ्याच्या हाताला काहीच लागत नाही; उभे राहून खोकले, तरच ते जोराने पुढे येते. "आडवं पोट खोटं बोलतं," असे माझा मित्र म्हणे. आमच्या भागात पोटात कळ आली की बेंबी सरकली असे समजतात आणि ती चोळून बसवणाऱ्या बाईपुढे आडवे होतात. ती चोळते, कळ थांबते, दोघांचीही खात्री पटते. नुसते आडवे झाल्यानेही कळ थांबली असती, हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

मित्राची थोरली बहीण पळसदरीला राहत असे. भाताचा भारा उचलला की तिच्या पोटात डावीकडे कळ येई. ती बेंबी बसवून घेत राहिली. पुढे एका दवाखान्यात सोनोग्राफी झाली, तीही अर्थातच निजवून. सारे उत्तम असल्याचा कागद मिळाला आणि घरच्यांनी पेढे वाटले. भावाला कोणी कळवले नाही. उलट्या थांबेनात, तेव्हा तिला त्याच्याकडे आणले. तिच्यात उभे राहण्याचे त्राण उरले नव्हते. त्याने निजल्या पोटावर एक बोट टेकवले, ती किंचाळली. "इथं अडकलंय," तो म्हणाला. पोट उघडले, तेव्हा आतडे काळे पडलेले होते. ती वाचली नाही.

दहाव्याला धरणाकाठी मी त्याच्याशेजारी उभा होतो. त्याने भाच्याला विचारले, "एका स्टेशनाच्या अंतरावर तर होतो रे मी. का नाही आणलंस?"

भाचा म्हणाला, "मामा, मी बोललो व्हतो आयला. ती बोलली, नको रं. त्यो चारचौघांत उभी करंल, खोक बोलंल. सुनांपुढं लाज वाटते मला."

जमलेल्यांनी माना खाली घातल्या. त्याच्या खोकण्याच्या नकला करून पोट धरून हसलेले त्यांत पुष्कळ होते.

तो पाण्याकडे वळला. मग, जणू ती तिथेच कुठे बसली आहे अशा हलक्या आवाजात, म्हणाला, "ताई, दार लावून घेतलं असतं गं मी."