पेटी बदललेला दुवा

आत-बाशी गावात शार्शेनला ओळखत नाही असं घर सापडायचं नाही, कारण ज्याच्या लग्नात तो कोपऱ्यात कॅमेऱ्यामागे उभा नव्हता असं घरच नव्हतं. तरुणपणी तो सरकारी सिनेमाची गाडी घेऊन उन्हाळी कुरणांवर जायचा आणि मेंढपाळांच्या तंबूंसमोर पांढरी चादर ताणून चित्रं दाखवायचा. ते सरकार गेलं, गाडी गंजली, मग कॅमेरा हातात आला. बोलणं मुळातच कमी. बायको उमसुनाय म्हणायची, "ह्यांना काही विचारायचं तर आधी दिवे लावून समोर उभं राहावं लागतं."

कामाची त्याची एक रीत होती. कॅमेऱ्याची तार जुन्या लॅपटॉपला जोडायची आणि फाइल एमकेव्ही नावाच्या प्रकारातच घ्यायची. लॅपटॉपची बॅटरी कधीच मेलेली, आणि इकडे हिवाळ्यात वीज कधी जाईल त्याचा नेम नाही. एमपी-फोर फाइल मध्येच तुटली तर सगळी मातीमोल. तिची किल्ली अगदी शेवटी बनते, ती बनलीच नाही तर पेटी उघडत नाही. एमकेव्हीत मात्र जेवढं पडलं तेवढं राहतं. पण लोकांच्या टीव्हीला एमकेव्ही पचत नाही. म्हणून घरी येऊन शार्शेन पेटी बदलायचा, म्हणजे तेच चित्रण एमकेव्हीतून काढून एमपी-फोरमध्ये ठेवायचा.

"नवरीचा संदूक बदलतात ना, तसंच," तो सांगायचा. "रजया त्याच. उसवायच्या नाहीत की उलगडायच्या नाहीत. ह्या पेटीतून उचलायच्या, त्या पेटीत ठेवायच्या."

मोल्दोकासिम म्हाताऱ्याला जाऊन वर्ष झालं होतं. त्याच्या वर्षाच्या जेवणादिवशी सकाळी त्याचा थोरला मुलगा तुरात दारात येऊन उभा राहिला. तिकडे घरी कढईत घोड्याचं मांस चढलेलं, पाहुणे निघालेले, आणि याचा चेहरा राखेसारखा.

"आके," मोठ्या माणसाला म्हणतात तसं तो म्हणाला, "संकट आलंय."

"मांस कमी पडलं?"

"मांस नाही. आई."

वर्षाच्या जेवणाला विधवेने काळे कपडे उतरवून पांढरे घालायचे असतात. तुरातची आई बुरुल आपा हटून बसली होती. नातीच्या लग्नात म्हाताऱ्याने दिलेला दुवा त्याच्याच तोंडून एकदा ऐकेन, मगच काळं उतरवेन. कारण आठवड्यापूर्वी तुरातने तिला तो फोनवर दाखवला होता. म्हाताऱ्याचे ओठ मिटायचे आणि शब्द मागून यायचे. आपा किंचाळलीच. म्हणाली, "हा माझा माणूस नव्हे. माझ्या माणसाचे ओठ आणि शब्द कधी वेगळे झाले नाहीत."

"मी दिलेली फाइल तर नीट होती," शार्शेन म्हणाला.

"फोनात जागा नव्हती. एका प्रोग्रॅमने लहान करून घेतली."

"म्हणजे सगळं उसवून पुन्हा शिवलंस. आणि बाही पाठीला लावलीस. पेनड्राइव्ह कुठंय?"

तुरातने मान खाली घातली. "त्यात मेंढ्या आहेत."

"मेंढ्या?"

"विकायच्या मेंढ्यांचे व्हिडिओ. बाबांचं पुसून टाकलं. फोनात आहे म्हणून."

शार्शेन मागच्या खोलीत गेला. मूळ फाइल तिथल्या डिस्कवर होती, आणि ती खोली शरद संपल्यापासून तापवलेली नव्हती. डिस्क कित्येक महिने टिकटिक करत होती. नवी घेऊ, उतरवून ठेवू, असं म्हणता म्हणता राहून गेलं होतं. त्याने ती जोडली. टिक, टिक, आणि गप्प. पुन्हा जोडली. गप्प.

त्याने डिस्क काढली आणि कोटाच्या आत, बगलेत धरली.

"हे काय?" उमसुनायने विचारलं.

"थंडीत पडलेल्या कोकराचं काय करतात?"

"कोकरू जगतं तरी कधीकधी," ती म्हणाली, पण आपली शालही तिने त्याच्या अंगावर टाकली.

तसाच तो मोल्दोकासिमच्या घरी चालत गेला. एक हात बगलेत, दुसऱ्यात लॅपटॉप. अंगणात लोकांनी हटकलं, "काय शार्शेन, हृदय धरून चाललास? मांस अजून खाल्लंही नाहीस!" त्याला हसू आलं नाही.

आत कुराणाचं पठण चाललेलं. बुरुल आपा भिंतीकडे तोंड करून काळ्या रुमालात बसली होती. तिच्याशेजारी पांढरा रुमाल घडी करून ठेवलेला, कुणी हात न लावलेला. शार्शेन टीव्हीमागे गुडघ्यांवर बसला. डिस्क जोडली. ती फिरली! फाइल दिसली. त्याने पेटी बदलायला घातली. एरवी हे काम चहा ओतेपर्यंत होतं. आज लॅपटॉपवरचा टक्क्यांचा आकडा मध्येच थांबला. टिक, टिक.

"देवा, एवढंच," तो पुटपुटला. "पुढे मारलीस तरी चालेल, पण आत्ता नको."

एक काका ओरडला, "अरे, पाहुणे ताटकळलेत! तळलेले बोर्सोक वाळून दगड झाले!"

शार्शेनने तार काढली, डिस्क पुन्हा बगलेत घेतली, डोळे मिटले. घाम डोळ्यांत उतरत होता. पुन्हा जोडली. पुन्हा अडली. तुरात दाराशी उभा होता, शार्शेनकडे न बघता. ह्या खेपेला शार्शेनने डिस्क दोन्ही तळहातांत धरून ठेवली, जरासुद्धा हलू न देता, श्वासही जपून घेत. आकडा सरकला. थांबला. सरकला. संपला.

शेवटपर्यंत पाहायला वेळ नव्हता. त्याने लावलं.

मोल्दोकासिम टीव्हीत आला. टोपी किंचित तिरकी, दोन्ही हात पुढे पसरलेले. ओठ आणि शब्द एकत्र. बुरुल आपाने मान वळवली. "पोरी, तुझी चूल विझू नये, तुझ्या दाराला कुलूप लागू नये, तुझ्या अंगणातून उपाशी कुणी..." खोलीतल्या सगळ्यांनी नकळत हात पसरले होते. दुवा चालू असताना हात पसरायचे आणि आमीन म्हणून ते चेहऱ्यावरून फिरवायचे. तोवर खाली घ्यायचे नाहीत.

आणि पडदा काळा झाला.

शार्शेनला लख्ख आठवलं. लग्नात नेमकी तेव्हाच वीज गेली होती. घरच्यांना दिलेल्या फिल्ममध्ये ती तूट त्याने कोमुझच्या तारांचं संगीत टाकून झाकली होती, आणि झाकली हेच विसरला होता. ज्यात दुवा शेवटापर्यंत आहे अशी फाइल जगात कुठेच नव्हती. खोलीभर हात अधांतरी. अर्धा दुवा, तोही मेलेल्या माणसाचा! कुणी हात खाली घेईना. त्याला वाटलं, जमीन दुभंगावी.

"लाव ना पुढे," काका म्हणाला.

"पुढे नाही," शार्शेन म्हणाला. "पुढे काहीच नाही."

तेव्हा बुरुल आपा बोलली. हात तसेच पसरलेले.

"दिवे गेले होते. पोरगी घाबरून ओरडली. हे अंधारातच म्हणाले, 'दिवा गेला तर गेला, तोंड कुठंय ते विसरलात का? अंगणातून उपाशी कुणी जाऊ नये. आणि मांस निवायच्या आत मला सोडा. आमीन.'"

तिने हात चेहऱ्यावरून फिरवले. सगळ्यांनी फिरवले. कुणीतरी हसलं आणि मध्येच रडायला लागलं. बायका तिला आतल्या खोलीत घेऊन गेल्या, आणि पांढरा रुमालही उचलला गेला.

शार्शेन टीव्हीमागून उठलाच नाही. डिस्क पुन्हा जोडून पाहिली. आता टिकटिकही नव्हती. ती बदललेली पेटी तेवढी लॅपटॉपवर होती. ती त्याने तुरातच्या पेनड्राइव्हवर घातली, मेंढ्यांच्या शेजारी, आणि मग ज्याच्या ज्याच्या खिशात पेनड्राइव्ह निघाला त्याच्यावरही.

पांढऱ्या रुमालातली बुरुल आपा समोर येऊन बसली. रुमालात ती खूप लहान दिसत होती.

"ते शेवटचं तुझ्या पेटीत नाही ना?"

"नाही, आपा. कॅमेरा आणू? तुम्ही पुन्हा एकदा म्हणा, मी..."

"आधी जेव मेल्या. ह्या अंगणातून उपाशी कुणी जायचं नाही, ऐकलंस ना?"

तिने मांसाचा तुकडा उचलून त्याच्या तळहातावर ठेवला. तो अजून निवला नव्हता.