कडूबांचं वाकडं कोपर

फुलंब्रीच्या कडूबांकडे नवे गोऱ्हे शिकवायला लोक लांबून आणून सोडायचे. आधी गोऱ्ह्याच्या मानेवर नुसतं जू, मग शेजारी एखादा शांत, थोराड बैल, आणि औत सगळ्यात शेवटी. घाई करणाऱ्या मालकाला ते गोऱ्ह्यासकट परत पाठवायचे. त्यांचं उजवं कोपर कधी सरळ होत नसे. लहानपणी गोऱ्ह्यानं पाडलं, असं ते सांगायचे आणि गावात त्या कोपराचाही मान होता.

त्यांचा मुलगा लक्ष्मण रोज एसटीनं शहरात, उस्मानपुऱ्यातल्या आमच्या शाळेत यायचा. मी दहावीला विज्ञान शिकवत होते. पोरगा चलाख, पण वर्गात कुणी नुसतं ‘हिंमत आहे का?’ म्हटलं की संपलं, मग तो कुणाचं ऐकत नसे.

कडूबांच्या घराण्यात एक रीत होती. पोरानं ज्वारीचं भरलं पोतं पाठीवर घेतलं की तो जाणता झाला. लक्ष्मणनं ते पंधराव्या वर्षी घेतलं. कडूबांनी पेढे वाटले आणि मोटरसायकलची चावी त्याच्या हातात दिली. पुढे महिनाभरातच चिकलठाण्याजवळ, दोस्त बघताहेत म्हणून, या बहाद्दरानं दोन्ही हात सोडून गाडी पळवली. गाडी दुभाजकावर चढली. लक्ष्मणचा हात मोडला आणि मागं बसलेल्या मित्राचा पाय.

चार दिवसांनी कडूबा शाळेत आले, बरोबर त्यांची बायको चतुराबाई. प्लास्टरातला लक्ष्मण बाहेर कडुलिंबाखाली मान खाली घालून बसला होता.

“दाखला द्या मॅडम. शाळा बास झाली. उद्यापासून औतामागं.”

वर्षभर घासून तयार केलेला मुलगा असा परीक्षेच्या तोंडावर काढून न्यायचा म्हणजे काय! माझा पारा चढला.

“आणि चावी कुणी दिली होती त्याला?”

“जाणता झाला म्हणून दिली. माझी टोपी बसती आता त्याच्या डोक्याला!”

“डोकं मोठं झालंय हो, आतली जोडणी अजून चाललीय.” मग मी मास्तरकी केलीच. म्हटलं, या वयात मेंदूतला धाडसाची मजा घेणारा भाग आधी जोरात येतो. कपाळामागचा, थांब म्हणणारा भाग मात्र पंचविशीपर्यंत पक्का होत राहतो. त्यात दोस्त बघत असले की मजेचं पारडं आणखी जड. आणि जे या वर्षांत पुन्हापुन्हा केलं जातं त्याच्या वाटा मेंदूत घट्ट होतात, न वापरलेल्या बुजतात. म्हणून आत्ता त्याला शाळेतून काढणं सगळ्यात वाईट.

कडूबांनी ऐकून घेतलं. “पुस्तकात काय बी लिहित्यात. पोतं उचलतो तो, अन् थांबायचं कळंना व्हय?”

“गोऱ्ह्यात ताकद आली की लगेच औताला एकटा जुंपता का?”

“एकटा कामून जुंपू? मान मोडून घील. शेजारी थोराड बैल लागतो, दोन-दोन वर्सं...” आणि ते मध्येच थांबले. त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला आणि जुनाच हेका लावला, “तरी पण माणसाच्या पोराला अक्कल पाह्यजे. आमी नव्हतो का या वयाचे?”

चतुराबाई इतका वेळ पदराआडून ऐकत होत्या. आता त्यांना राहवलं नाही.

“व्हता की! सासूबाईनं सांगितलंय मला समदं. दोस्तांनी पैज लावली म्हणून भर उन्हाळ्यात, गुडघाभर पाण्याच्या हिरीत उडी घेतली ह्यांनी. कोपर तिथं मोडलं. गोऱ्हा तर त्या वक्ताला गोठ्यात कडबा खात व्हता, बिचारा!”

मला हसू आवरेना. कडूबा मात्र हसले नाहीत. वाकडं कोपर त्यांनी दुसऱ्या हातानं झाकून घेतलं, आणि त्या थोराड माणसाची मला एकदम दया आली. तीस वर्षं एका मुक्या जनावरावर आळ ठेवून हा माणूस जगला होता. का, तर गावानं आणि पोरानं हसू नये म्हणून.

“त्याला म्हाईत हाय का हे?” त्यांनी बायकोला हळूच विचारलं.

“नाय. त्याला वाटतंय, आपला बाप कधी चुकलाच नाय. चार रोज झाले, जेवतबी नाय धड.”

कडूबा उठले. दाखल्याचं नाव न काढता बाहेर गेले. मी खिडकीशी उभी राहिले. त्यांना येताना पाहून लक्ष्मणनं अंग चोरलं, मार बसणार असं धरूनच. कडूबा त्याच्या शेजारी पारावर टेकले, सदऱ्याची बाही वर सारली आणि कोपर त्याच्यापुढं धरलं.

“गोऱ्हा नव्हता रे तो,” ते म्हणाले. “म्या सोताच उडी मारली व्हती.”

लक्ष्मणनं त्या कोपराकडे पाहिलं. मग आपल्या चांगल्या हातानं त्यानं ते धरलं आणि अपघातानंतर पहिल्यांदाच मोठ्यानं रडला.