मामंजींचं हवामान

दुसऱ्या महायुद्धाची लढाई संपली आणि आमचे मामंजी, म्हणजे माझे सासरे, आसामातून रहिमतपूरला परत आले. तिथल्या विमानतळावर हवामान बघणाऱ्या गोऱ्या साहेबाच्या हाताखाली ते होते. फुग्यात गॅस भरायचा आणि तो आभाळात सोडायचा, एवढंच त्यांचं काम. पण घरी आले ते ढगांची इंग्रजी नावं पाठ करून.

आठवड्याच्या आत त्यांनी ओट्यावरच्या भिंतीचा चौकोन काळा रंगवला आणि त्यावर रोजचं हवामान लिहायचं ठरवलं. त्यांचं अक्षर त्यांनाच लागत नसे. मी सांगलीची, सातवी पास, नुकती लग्न होऊन आलेली. खडू माझ्या हातात आला.

सकाळचा चहा झाला की मामंजी अंगणात उभे राहून चारी दिशा बघत आणि मला मजकूर सांगत. ओढलेल्या सुतासारखे उंचावरचे ढग म्हणजे सिरस, कापसाच्या ढिगासारखे ते क्युमुलस. गल्लीतल्या बायकांनी क्युमुलसचं ‘कमळस’ केलं. कमळस असतील तर मिरच्या वाळत घालायच्या की नाही, एवढाच त्यांचा प्रश्न असे. मामंजींचा अंदाज बहुतेक खरा ठरे. उन्हाळ्यात रोज ‘कोरडं’ म्हटलं की कुणाचाही ठरतो, असं सासूबाई चुलीपाशी पुटपुटत.

आमच्या रानात तेव्हा कवठे महांकाळकडचा एक म्हातारा मेंढपाळ मेंढरं बसवायला येई. रानाला खत मिळे, त्याला धान्य. मामंजींनी त्यालाही ढग शिकवले. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि प्रत्येक नावाला ‘व्हय’ म्हटलं.

वैशाखातल्या एका सकाळी मामंजी लढाईतलं पदक आणायला साताऱ्याला निघाले. इस्त्रीचा कोट, नवा फेटा. जाताना मला लिहायला सांगितलं, आकाश स्वच्छ, पाऊस नाही. सासूबाईंनी छत्री पुढं केली, तर म्हणाले, हवामान सांगणाराच छत्री घेऊन हिंडला तर लोक काय म्हणतील. आणि मोटार गाठायला गेले.

त्यानंतर मी विहिरीवर गेले, तर मेंढपाळ भेटला. त्यानं आभाळाकडं बघितलंही नाही.

“बाय, आज काय वाळत घालू नगासा,” तो म्हणाला. “मेंढरं सकाळधरनं एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून हुबी हायती. दुपारी येतोय बगा.”

घरी येऊन मी फळ्यासमोर उभी राहिले. गल्लीत सांडगे, कुरडया, मिरच्या असं वर्षाचं साठवणीचं वाळत पडलं होतं, तेही आमच्या फळ्याच्या भरवशावर. सासऱ्यांचा शब्द पुसायची छाती होईना. शेवटी पदरानं पुसला आणि लिहिलं, दुपारनंतर वादळी पाऊस. खाली गडगडाटी ढगाचं इंग्रजी नावही लिहिलं, ‘क्युमुलोनिंबस’. न कळणाऱ्या शब्दावर गल्लीचा विश्वास जास्त होता. बायकांनी कुरकुरत सगळं आत नेलं.

तिसऱ्या प्रहरी पूर्वेकडून काळं उठलं आणि गारांसकट वळीव कोसळला.

पाऊस थांबल्यावर मामंजी आले. फेट्याचा सोगा गळ्यात, कोटातून पाणी ठिबकत होतं. बायका ओट्यावर जमल्याच होत्या. तुमच्यामुळं सांडगे वाचले, असं प्रत्येकीनं सांगितलं. मामंजींनी फळा सावकाश वाचला. मी जमिनीकडं बघत राहिले.

एका म्हातारीनं विचारलंच, “एवढं ठावं हुतं, तर छत्री का न्हाई नेली?”

“अंदाज बरोबर हाय का, ते अंगावर घेऊन बगावं लागतं,” मामंजी म्हणाले.

आत आल्यावर मी टॉवेल दिला. कुणी सांगितलं, एवढंच त्यांनी विचारलं. मी खरं ते सांगून टाकलं आणि बोलणी खायची तयारी केली. ते डोकं पुसायला लागले.

“त्याला एकाबी ढगाचं नाव येत न्हाई,” ते म्हणाले. मग टॉवेल दांडीवर टाकत, “उद्या सकाळी चहाला बोलव त्याला.”

तेव्हापासून दोघं रोज अंगणात उभे राहू लागले. मेंढपाळ वाऱ्याचा वास घेई, मुंग्यांची रांग बघे आणि काय होणार ते सांगे. मामंजी त्या अंदाजाला इंग्रजी नाव देत. दोघांचं एकमत होईपर्यंत मी खडू धरून ताटकळत उभी असे आणि आत दूध उतू जाई.

मृगाच्या तोंडावर एके दिवशी मेंढपाळ मेंढरं घेऊन पूर्वेकडं निघून गेला. पावसाचा चिखल मेंढरांना सोसत नाही. रिकामं रान बघून मामंजींनी मला लिहायला लावलं, पाऊस चार दिवसांत. पाऊस आला पाचव्या दिवशी. एका दिवसाची चूक मामंजींनी मेंढपाळाच्या नावावर टाकली.