पेंटरांची जर्मन पाटी

“ह्या सातान मान टाकल्यान बघ,” म्हणत आमचे पेंटर कुणाच्याही गाडीमागे उकिडवे बसत. गाडीवाला बिचारा पंक्चर शोधत राही.

कसालला हायवेवर माझा सायबर कॅफे होता आणि शेजारी त्यांची टपरी. गाड्यांचे नंबर रंगवणं हा त्यांचा धंदा. तुम्ही कधी या रस्त्याने गोव्याला गेला असाल, तर त्यांच्या हातचे आकडे तुमच्यापुढून नक्की धावले असतील. पुढे बाजारात स्टिकर कापायचं मशीन आलं आणि टपरीसमोर गाड्या थांबेनाशा झाल्या. मग पेंटर माझ्याकडे येऊन बसू लागले.

मी तेव्हा कॉम्प्युटरवर ट्रक चालवायचा एक गेम खेळत असे. रस्ते युरोपचे, ट्रकही तिथले, नंबरप्लेट मात्र पुसट, कशातरीच. पेंटरांना ते बघवेना. “गाडी येवढी बरी आणि पाटी अशी?” खेळणाऱ्यांना स्वतः पाट्या बनवून त्यात घालता येतात, असं मी सांगायचीच खोटी, दुसऱ्या दिवशी ते माउस धरायला शिकू लागले. उजव्या मनगटाखाली डावी मूठ, ब्रश धरताना ठेवत तशीच.

आठवडाभराने पहिली जर्मन पाटी पाठवली. पाट्या तपासून गेममध्ये घेणारा माणूस जर्मन होता, स्वतः ट्रक ड्रायव्हर. त्याने विचारलं, शेवटचा आकडा कुठे आहे?

“अरे, पूजा झाल्याबिगर शेवटचो आकडो भरतत काय?” पेंटर चक्रावले. “नारळ फोडल्यान काय, इचार तेका.”

त्यांचा तो नेमच होता. नव्या गाडीपुढे नारळ फुटल्यावरच ते शेवटचा आकडा भरत. अखेर कॅफेच्या पायरीवर मी नारळ फोडला आणि पाटी पुरी झाली.

या वेळी उत्तर आलं, अक्षरं हाताने काढल्यासारखी दिसतात, चालणार नाहीत.

“हंय पण मशीनच जिकला,” एवढंच पेंटर म्हणाले. चार दिवस कॅफेत फिरकले नाहीत. मला फार वाईट वाटलं. आपला हात अजून कामाचा आहे, एवढं त्यांना कुणीतरी म्हणायला हवं होतं.

तेवढ्यात कळलं, तारकर्लीला जर्मन नंबराची व्हॅन आली आहे. मी पेंटरांना ओढतच एसटीत बसवलं. तिथे व्हॅनमागे बसून त्यांनी डोळे मिटले आणि पाटीवरून बोटं फिरवू लागले. आतून एक जर्मन बाई घाबरून बाहेर आली. पेंटरांचा चेहरा पाहून परत गेली आणि दोघांसाठी कॉफी घेऊन आली.

“अक्षरां उठलेली आसत रे!” पेंटर ओरडले. “पत्र्याक ठसो मारलोसा. कडेक सावली पडता, ती माका ठावकच नाय होती.”

त्या सावलीसकट पाटी तिसऱ्यांदा गेली. जर्मनाने खडसावलं, खऱ्या पाटीचा फोटो चिकटवायला मनाई आहे!

“फोटो म्हणता तो?” पेंटरांनी ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं आणि अख्ख्या कॅफेला गुळाचा मालवणी खाजा वाटला. मी अर्धवट कामाच्या फाइली पुरावा म्हणून पाठवल्या, तेव्हा कुठे पाटी मंजूर झाली. मग डच पाट्या त्यांच्या, नॉर्वेच्याही त्यांच्याच.

दोन वर्षांनी पेंटर गेले. मी कॅफेही बंद केला, पण गेम ठेवलाय. जर्मनीच्या रस्त्यावर त्यांची पाटी लावलेला ट्रक पुढे आला की मी वेग कमी करतो. मागचे हॉर्न वाजवतात. वाजवू देत. मला त्या ट्रकला ओव्हरटेक करवत नाही.